एकतीस हजारांत काय मिळाले? लघुपटासाठी घेतलेल्या दोन ऑनलाइन सेवांचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यात वणी आणि मारेगाव यांच्या मधल्या पट्ट्यातील एका गावात आम्ही तिघांनी मिळून अठरा मिनिटांचा एक वऱ्हाडी लघुपट केला. कापूस वेचणाऱ्या एका बाईचा तो एक दिवस आहे. दिवसभर वेचलेले गाठोडे संध्याकाळी काट्यावर चढते, ते तिच्या अंदाजापेक्षा दोन किलो कमी भरते, आणि ते दोन किलो कुठे गेले हे तिला ठाऊक असूनही बोलता येत नाही, एवढीच गोष्ट. हा लघुपट आता चार महोत्सवांत दाखवून झाला आहे, एका ठिकाणी त्याला प्रेक्षक पसंतीचा पुरस्कारही मिळाला आहे, आणि हिशेबाची वही मिटण्याची वेळ आली आहे. ती मिटण्यापूर्वी ज्या दोन सेवांवर आम्ही लोकांचे पैसे खर्च केले, त्यांचे परीक्षण लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. पहिली सेवा म्हणजे लोकवर्गणी गोळा करून देणारे, ज्याला सगळे क्राउडफंडिंग म्हणतात तसले, मुंबईचे एक संकेतस्थळ. आणि दुसरी, महोत्सवांना प्रवेशिका पाठवण्याचे फिल्मफ्रीवे. पहिलीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार तिच्या एकटीबद्दल नाही. त्याच प्रकारच्या आणखी दोन सेवांच्या अटी मी ओळ न् ओळ वाचल्या होत्या, आणि त्या थोड्याफार फरकाने तशाच होत्या.

आधी आकडे सांगतो, कारण या प्रकरणात सगळे मतभेद आकड्यांतूनच निघाले. महोत्सवांचा खर्च सोडून लघुपटाला ३,४२,००० रुपये लागले. संकेतस्थळावर आम्ही अडीच लाखांचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि पंचेचाळीस दिवसांत ११८ जणांकडून २,६३,४०० रुपये जमले. त्यातून सेवेचा मोबदला आठ टक्के, म्हणजे २१,०७२ रुपये. पैसे वळते करणाऱ्या यंत्रणेचे दोन टक्के, म्हणजे ५,२६८ रुपये. आणि या दोन्हींवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ४,७४१ रुपये, असे एकूण ३१,०८१ रुपये वजा होऊन २,३२,३१९ रुपये आमच्या खात्यावर आले. गावात छापील पावती-पुस्तक फिरवून ३८,७५० रुपये जमले. उरलेले सुमारे ७१ हजार आम्ही तिघांनी घातले.

आता या ३१,०८१ रुपयांबद्दल. हे पैसे देताना माझी समजूत अशी होती की, मोबदला घेणारी सेवा आपल्याला अनोळखी देणगीदारांपर्यंत पोहोचवते. तिच्या पानावरही तसेच सूचित केलेले होते. मोहीम संपल्यावर मी ११८ नावांची यादी घेऊन बसलो आणि प्रत्येक नावापुढे ते आपल्याला कसे ओळखते हे लिहीत गेलो. वर्गमित्र, वर्गमित्राचा मेहुणा, माझ्या बहिणीच्या शाळेतील शिक्षिका, पुण्यात नोकरीला गेलेला गावचा मुलगा आणि त्याने ज्यांना गळ घातली ते त्याचे सहकारी, असे करत ९७ नावे संपली. ज्यांचा आमच्याशी कोणताही धागा लागत नाही, अशी फक्त २१ माणसे उरली, आणि त्यांनी मिळून २४,३०० रुपये दिले होते. म्हणजे सेवेने ज्यांना खरोखर आणले, त्यांच्या एकूण रकमेपेक्षा सगळी मिळून कापली गेलेली रक्कम जवळजवळ सात हजारांनी अधिक होती. हा हिशेब मी माझ्या दोन्ही साथीदारांना दाखवला तेव्हा ध्वनी सांभाळणारा मित्र एवढेच म्हणाला, "म्हणजे आपल्याच सोयऱ्यायचे पैसे आपण मुंबईहून मागवले."

हे वाक्य इतके चपखल आहे की त्यावरच थांबून सेवेला नापास करण्याचा मोह होतो. पण ते पूर्ण खरे नाही. ही सेवा 'सगळे किंवा काहीच नाही' या तत्त्वावर चालते. ठरलेल्या मुदतीत उद्दिष्ट पूर्ण झाले तरच पैसे मिळतात, नाहीतर ज्याचे त्याला परत जातात. अमेरिकेतील किकस्टार्टरने २००९पासून ही पद्धत जगभर रुळवली. भारतातून तेथे प्रकल्प मांडता येत नाही, म्हणून इथल्या कलाप्रकल्पांच्या संकेतस्थळांनी तीच पद्धत उचलली. आम्हाला सुरुवातीला ही अट जाचक वाटली होती. प्रत्यक्षात तिच्यामुळेच पैसे आले. शेवटचे सहा दिवस उरले तेव्हा आमच्याकडे दीड लाखाच्या आसपास रक्कम होती, आणि त्या सहा दिवसांत १,१२,००० रुपये जमले. ज्या सोयऱ्यांना आम्ही वर्षभर भेटत होतो, लग्नाकार्यात पंगतीला शेजारी बसत होतो, आणि जे प्रत्येक वेळी "पाहू ना भाऊ, देऊ कधी तरी" म्हणत होते, त्यांनीच घड्याळ उलटे चालू लागल्यावर पैसे दिले. हे घड्याळ आम्ही स्वतः लावले असते तर कोणीही ते मानले नसते, कारण आमची मुदत आम्ही वाढवू हे सगळ्यांना ठाऊक होते. परक्याची मुदत वाढत नाही. एकतीस हजारांत आम्हाला देणगीदार मिळाले नाहीत, मुदत मिळाली, आणि माझ्या मते ती वस्तू महाग असली तरी निरुपयोगी नव्हती.

सेवेची सर्वांत वाईट बाजू मोहिमेचे पान तयार करताना दिसली. आमच्यासाठी एक मोहीम-सल्लागार नेमलेले होते. ते सौजन्याने बोलत आणि फोन उचलत, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आम्ही पाठवलेल्या दोन मिनिटांच्या आवाहनाच्या चित्रफितीवर त्यांचा पहिला अभिप्राय असा आला की, विदर्भ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे येते ते पहिल्या दहा सेकंदांत यायला हवे. शेतकरी आत्महत्येचा उल्लेख शीर्षकात घ्या. मी त्यांना कळवले की लघुपटात आत्महत्या नाही, मरण नाही, कोणी रडतसुद्धा नाही. एक काटा आहे आणि तो खोटा आहे. त्यावर ते म्हणाले, "सर, ते सगळं लघुपटात असू द्या, पण पानावर थोडं दुःख लागतं." आम्ही तो उल्लेख घेतला नाही. त्यामुळे काही अनोळखी देणगीदार कमी झाले असतील, हे शक्य आहे. ज्या बाया चित्रीकरणात आपल्याच शेतात आपलेच काम करणार होत्या, त्यांच्यापैकी दोघींच्या घरात ती घटना होऊन गेलेली आहे, आणि त्यांच्या नावावर पुण्या-मुंबईत पाचशे-पाचशे रुपये मागण्याची माझी तयारी नव्हती. सल्लागारांनी नंतर आग्रह धरला नाही, हेही नोंदवतो.

दुसरी अडचण भाषेची आणि तिसरी खिशाची. पानावरचा मजकूर मराठीत लिहिता येत होता, पण पैसे भरण्याच्या सगळ्या पायऱ्या, पोचपावती आणि आभाराचे पत्र इंग्रजीतच येत असे. ई-मेल पत्ता दिल्याशिवाय पुढची पायरी उघडत नसे. आमच्या गावात यूपीआय नाही असे कोणी समजू नये. चहाच्या टपरीवर आणि पिठाच्या गिरणीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला आहे. पण ई-मेल पत्ता ही गोष्ट नोकरीच्या अर्जापुरती काढलेली असते, आणि तिचा पासवर्ड तालुक्याच्या सेतू केंद्रात काम करणाऱ्या पोराला ठाऊक असतो. शिवाय कमीत कमी रक्कम पाचशे होती. वेचणीला जाणाऱ्या बाईला त्या हंगामात किलोमागे दहा रुपये मिळत होते. पाचशे म्हणजे पन्नास किलो कापूस, एका दिवसात वेचून होत नाही इतका. तिला वीस रुपये द्यायचे असतील तर संकेतस्थळावर तिच्यासाठी जागाच नव्हती.

म्हणून पावती-पुस्तक आले. शंभर पावत्यांचे पुस्तक, गणेशोत्सवाच्या वर्गणीला वापरतात तसले, वणीत छापून घेतलेले. त्यातल्या ६१ पावत्या फाटल्या. सर्वांत लहान दहा रुपयांची, सर्वांत मोठी पाच हजारांची, आणि ती एका अडत्याने दिलेली, ज्याला लघुपटाचा विषय काटा आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते. (नंतर ठाऊक झाले. त्याने पैसे परत मागितले नाहीत. उलट "आमच्या इथं काटा कंप्युटरचा हाय" असे सांगून चित्रीकरणाला जुना तराजू काढून दिला.) पावतीबरोबर धान्य आले, चित्रीकरणाच्या सहा दिवसांचे जेवण आले, बैलगाडी आली. पावती-पुस्तकाला मोबदला नाही, जीएसटी नाही; पण त्यात मुदतही नव्हती, आणि ते फिरवण्यासाठी आमच्यापैकी एकाची तीन आठवड्यांची संध्याकाळ गेली. त्या संध्याकाळींचा दाम लावला तर पावती-पुस्तकही फुकट पडले असे म्हणता येत नाही.

खरे तर आपल्याकडे ही पद्धत नवी नाही, आणि संकेतस्थळांनी ती शोधून काढल्याचा आव आणला की मला थोडे हसू येते. १९७६ साली श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'साठी गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. १९८६ साली केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतले नट ते वेगळे) यांच्या मंडळींनी गावोगाव फिरून, चित्रपट दाखवून, लोकांकडून पैसे गोळा करत 'अम्मा अरियान' हा चित्रपट उभा केला. आणि वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेले की झाडीपट्टीत आजही दिवाळीनंतर गावातील मंडळ वडशाच्या नाटक कंपनीशी करार करते, मंडईच्या, म्हणजे तिकडच्या जत्रेच्या, किंवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने मंडप घालते, तिकिटे विकते, आणि रात्रभराच्या नाटकाचा खर्च गावच उभा करते. २०२३ साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना हे नाव प्रथमच कळले, पण ज्या अर्थव्यवस्थेने त्यांना इतकी वर्षे रंगमंचावर उभे ठेवले ती कोणत्याही संकेतस्थळाच्या कितीतरी आधीची आहे. फरक एवढाच की, तिथे पैसे देणारा त्याच रात्री समोर बसून नाटक पाहतो. लघुपटाला पैसे देणाऱ्याला दीड वर्ष वाट पाहावी लागते, आणि त्या दीड वर्षात त्याला काय सांगत राहायचे याची कोणतीही सोय आमच्या संकेतस्थळाकडे नव्हती. मोहीम यशस्वी झाल्याचे हिरवे चिन्ह लागले आणि त्यांचे काम संपले.

पैसे हाती येण्याचा अनुभव तर मी सविस्तर सांगायलाच हवा, कारण शेतीच्या विषयावर काम करणाऱ्या कोणालाही त्याची झळ बसेल. सात कामकाजी दिवसांत रक्कम जमा होईल असे लिहिलेले होते. माझ्या पॅनकार्डावर वडिलांचे नाव 'राव' लावून आहे, बँकेच्या पासबुकावर नाही. या दोन अक्षरांसाठी कागद तीनदा परत आले आणि रक्कम एकोणिसाव्या दिवशी जमा झाली. मुंबईच्या दृष्टीने बारा दिवसांचा उशीर ही क्षुल्लक बाब असेल. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करून, म्हणजे शेतात पूजा मांडून आणि दहीभात शिंपडून सुरुवात होते, आणि लघुपटाचे पहिले दृश्य तेच होते. ते वर्षातून एकदाच होते. शिवाय पहिल्या-दुसऱ्या वेचणीला शेत जसे पांढरेशुभ्र फुटलेले असते तसे नंतर राहत नाही. पुढे बोंडे विरळ होतात, पाने वाळतात, आणि फरदडीवर, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकावर, कॅमेरा लावला तर पडद्यावर ते शेत नसून काटक्या दिसतात. जिच्या शेतात चित्रीकरण ठरले होते त्या काकूंना मी पैसे अडकल्याचे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बापू, कापूस काई थांबत नाई. तुह्या सायटीले सांग." शेवटी ज्या अडत्याचा उल्लेख वर आला त्यानेच ६० हजार रुपये बिनव्याजी वापरायला दिले, म्हणून नागपूरहून भाड्याचा कॅमेरा आणता आला. नसता दिला तर अडीच लाख जमूनही लघुपट पुढच्या कार्तिकावर गेला असता.

करांबाबत दोन वाक्ये. देणगीदारांपैकी सात-आठ जणांनी आयकर सवलतीची पावती मागितली. एखाद्या व्यक्तीच्या लघुपटाला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही, आणि हे संकेतस्थळाने पानावर ठळक लिहायला हवे होते. तसेच नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम भेट म्हणून मिळाली तर ती करपात्र ठरू शकते, त्यामुळे मोहीम सुरू करण्याआधी सनदी लेखापालाला भेटावे आणि प्रत्येक खर्चाचे बिल जपावे. आम्ही मोहिमेनंतर भेटलो आणि त्यांची बोलणी खाल्ली.

देणगीदारांना द्यायच्या भेटवस्तूंचा मुद्दा गौण वाटतो, पण त्यात ९,६०० रुपये गेले. हजारापुढे देणाऱ्यांना आम्ही गावातील बायांनी वळलेल्या फुलवातींचे पाकीट पाठवले. संकेतस्थळावरची सगळी कपात आणि या भेटी मिळून जमलेल्या शंभर रुपयांतले पंधराहून थोडे अधिक रुपये लघुपटावर खर्चच झाले नाहीत. उद्दिष्ट ठरवताना हे पंधरा रुपये आधीच मिळवून धरावेत.

आता दुसरी सेवा. फिल्मफ्रीवे २०१४ साली सुरू झाले. त्याआधी या क्षेत्रात विदाउटअबॉक्स या सेवेचा दबदबा होता. ती २०१९मध्ये बंद पडली, आणि आज बहुतेक लहानमोठे महोत्सव फिल्मफ्रीवेवरूनच प्रवेशिका घेतात. खाते उघडणे विनामूल्य आहे. लघुपट एकदाच चढवायचा, त्याची माहिती, छायाचित्रे आणि श्रेयनामावली एकदाच भरायची, आणि मग हव्या त्या महोत्सवाला पाठवायचे. शुल्क महोत्सव ठरवतो, आणि ते लवकरच्या, नेहमीच्या आणि उशिराच्या मुदतीप्रमाणे चढत जाते. ही रचना मला अतिशय सोयीची वाटली. ज्या गावातून नागपूरची गाडी पकडायलाही आधी वणी गाठावे लागते, तिथे बसून स्पेनमधील एका लहान गावाच्या महोत्सवाला प्रवेशिका पाठवता येणे आणि ती तिथे कोणी तरी खरोखर पाहणे, ही साधी गोष्ट नाही. दिवसा नेटवर्क असे म्हणण्यापुरतेच असते, म्हणून मी साडेचार जीबीची फाईल रात्री दोन वाजता चढवायला लावली आणि सकाळी सातला ती पोहोचली. मध्ये दोनदा वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

पण सोय जितकी अधिक तितका हात सैल सुटतो. पहिल्या पंधरवड्यात मी बेफाम प्रवेशिका पाठवल्या. एकूण ३४ महोत्सवांना पाठवले. त्यातील १२ विनाशुल्क होते आणि उरलेल्या २२ जणांना मिळून, डॉलरच्या दरासकट, २९,७०० रुपये गेले. सहा ठिकाणी निवड झाली. या सहांतल्या दोन निवडी मी यशात धरत नाही, आणि त्याचे कारण सांगणे हे या परीक्षणातील सर्वांत उपयोगाचे काम ठरेल असे मला वाटते.

प्रवेशिकांच्या यादीत अनेक 'महोत्सव' असे असतात जे दर महिन्याला पुरस्कार जाहीर करतात, ज्यांचे चित्रपटगृह कुठे आहे हे पानावर लिहिलेले नसते, ज्यांत पुरस्कारांचे शंभरेक प्रकार असतात, आणि ज्यांच्या निकालानंतर मानचिन्हासाठी वेगळे पैसे मागितले जातात. लॉरेलच्या, म्हणजे महोत्सवांच्या चिन्हात असतात त्या पानांच्या, दोन डहाळ्यांमध्ये 'सर्वोत्कृष्ट' असे लिहिलेले चित्र लगेच ई-मेलने येते. आम्हालाही आले, आणि मी ते अभिमानाने गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले; सरपंचांनी फलक लावण्याची तयारीही केली. दुसऱ्या दिवशी निकालाची पूर्ण यादी पाहिली, तर त्या एका महिन्यात दीडशेच्या वर चित्रपटांना काही ना काही सर्वोत्कृष्ट मिळालेले होते. फलक मी थांबवला. थांबवण्याचे कारण सरपंचांना समजावून सांगणे हे चित्रीकरणापेक्षा अवघड गेले. यात दोष संकेतस्थळाचा किती आणि माझा किती, हा प्रश्न उरतो. फिल्मफ्रीवेवर महोत्सवांबद्दल आधीच्या प्रवेशकांचे अभिप्राय वाचता येतात, आणि ते मी वाचले नव्हते. वाचल्यावरही सावध राहावे लागते, कारण ज्याला पुरस्कार मिळाला तो पाच ताऱ्यांचा अभिप्राय देतो आणि ज्याला नाकारले तो बहुधा गप्प बसतो.

म्हणून दुसऱ्या फेरीत मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली. महोत्सव गेल्या वर्षी कोणत्या इमारतीत भरला, कोणत्या वेळेला कोणता लघुपट दाखवला गेला, याचे वेळापत्रक मिळते का? मिळत असेल तर पाठवायचे, नाहीतर नाही. शिवाय जुन्या, नावाजलेल्या महोत्सवांकडे वेगळे लक्ष दिले. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठीचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ हा लघुपटांचा फार मोठा महोत्सव आहे आणि जर्मनीतील ओबरहाऊजेन १९५४ पासून चालू आहे. या तिन्हींनी आम्हाला घेतले नाही. अशा ठिकाणी पाठवणे नकार आला तरी वाया जात नाही, पाठवण्याआधी ते संकलन पुन्हा तपासायला लावते. ओबरहाऊजेनला पाठवताना आम्ही शेवटची चाळीस सेकंदे कापली, आणि ज्या चार महोत्सवांनी नंतर निवड केली त्यांनी कापलेलाच लघुपट पाहिला.

त्या चारांपैकी केरळमधील महोत्सवाबद्दल लिहायलाच हवे. आम्ही दोघे रेल्वेने गेलो. सभागृह भरलेले होते, आणि त्यातल्या कोणाला वऱ्हाडी तर सोडाच, मराठीही येत नव्हती. उपशीर्षकांवर आम्ही महिनाभर झगडलो होतो. पुण्याच्या ज्या ओळखीच्या बाईंनी पहिला अनुवाद केला त्यांना 'फरदड' आणि 'वेचा' हे शब्दच नवे होते, आणि प्रवेशिकेच्या अर्जात भाषेच्या यादीत मराठी होती, वऱ्हाडी नव्हती. परंतु काट्याचा प्रसंग आला, पारडे वर गेले, बाई काही बोलली नाही, आणि सभागृहात मागून कोणी तरी मल्याळममध्ये काही तरी म्हणाले व लोक हसले. नंतर कळले की तो माणूस म्हणाला होता, "आमच्याकडे रबराच्या शीटचे वजन असेच होते." प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार मिळाला, त्यासोबत २०,००० रुपये मिळाले. त्यातून डीसीपीचा, म्हणजे चित्रपटगृहात दाखवण्यासाठी लागणाऱ्या प्रतीचा, आणि प्रवासाचा खर्च निघाला. स्पेनच्या महोत्सवाने निमंत्रण पाठवले, निवासाची सोय केली, विमानाचे भाडे दिले नाही. अर्थातच कोणी गेले नाही.

जे लोक महोत्सवांच्या वाटेने जाऊ इच्छितात त्यांनी तीन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात, कारण दोन्ही सेवांपैकी एकीनेही त्या आम्हाला सांगितल्या नाहीत. लघुपट यूट्यूबवर आधी टाकला तर अनेक महोत्सवांची दारे बंद होतात; आमच्या देणगीदारांनी दुवा मागून मागून जीव नकोसा केला, तरी आम्ही पासवर्ड लावलेला दुवाच दिला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठीचे प्रादेशिक कार्यालय आमच्यासाठी मुंबईत आहे. अर्ज ऑनलाइन करता येत असला तरी वेळ राखून ठेवावा. राज्य शासनाचे मराठी चित्रपटांसाठीचे अनुदान मुख्यतः पूर्ण लांबीच्या चित्रपटांसाठी आहे, त्यावर लघुपटाचे गणित मांडू नये. ऑस्करच्या लघुपट विभागाची मर्यादा श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांची आहे हे मात्र प्रत्येक जण मला न विचारता सांगत असे.

मूल्यमापन करायचे तर फिल्मफ्रीवे मी पुन्हा वापरीन, पण वर्षाला दहा प्रवेशिकांच्या वर नाही, आणि त्यातील निम्म्या विनाशुल्क. लोकवर्गणीच्या संकेतस्थळाला पाचांत अडीच गुण देतो. दीड गुण मुदतीसाठी, एक गुण हिशेबाच्या स्वच्छतेसाठी, कारण प्रत्येक रुपयाची नोंद त्यांनी चोख ठेवली आणि कापलेली रक्कम ठरलेल्यापेक्षा एक पैसाही अधिक नव्हती. ज्यांचे गणगोत शहरांत पसरलेले आहे आणि ज्यांचा विषय ऋतूला बांधलेला नाही त्यांना ही सेवा लाभेल. ज्यांना कापूस फुटण्याच्या आत किंवा धान कापणीला येण्याच्या आत चित्रीकरण करायचे आहे, त्यांनी मोहीम आषाढातच उरकावी, आणि पॅनकार्ड व पासबुक यांवरील नावे अक्षराअक्षराने जुळवून घेतल्याशिवाय अर्ज भरू नये.

एक काम अजून बाकी आहे. फुलवातींची चार पाकिटे पत्ता अपुरा म्हणून टपालाने परत आली. देणगीदारांचे फोन क्रमांक संकेतस्थळ आम्हाला देत नाही, आणि त्या चौघांना निरोप द्यावा म्हणून पाठवलेल्या दोन पत्रांना अद्याप उत्तर आलेले नाही. दोन पाकिटे ठाण्याची, एक हैदराबादचे आणि एक लातूरचे आहे. पावसाळ्यात वाती दमट होतात म्हणून ती आईने डाळीच्या डब्यात ठेवली आहेत.